धरण उशाला, कोरड घशाला : कमी पाणी पिण्याने चिडचिड का होते?

खडकवासल्याचं धरण इंग्रजांच्या काळापासून पुण्याला पाणी पाजतंय. पण जानेवारी २०२५ मध्ये धरणाच्या अंगणातच पाण्याची धास्ती बसली. सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात 'जीबीएस' म्हणजे गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्यावर संशय गेला. अशी भीती बसली की माणूस नकळत पाणी कमी पितो. पोट सांभाळायच्या नादात डोकं तापतं, ते असं.

शरीरातलं पाणी थोडं घटलं तरी रक्त घट्ट होतं आणि मेंदूला ते लगेच कळतं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाने तरुण मुलींवर प्रयोग केला, तो २०१२ मध्ये छापून आला. वजनाच्या फक्त १.३६ टक्के पाणी कमी झालं, तर त्यांना थकवा आला, डोकं दुखलं, लक्ष लागेना, साधं कामही अवघड वाटू लागलं. ६० किलोच्या बाईसाठी हे जेमतेम ८०० मिली, म्हणजे तीन-चार ग्लास! याउलट, २०१४ च्या एका अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्यांना दिवसाला एका लिटरवर आणलं, तेव्हा त्यांचा शांतपणा आणि उत्साह कमी झाला.

घरात याचा फटका बायकांना जास्त बसतो. बाजारात, बसमध्ये, कामावर धड बाथरूम नसतं, म्हणून अम्मी सकाळपासून पाणीच पीत नाही. संध्याकाळी मुलांवर ओरडते आणि सगळे म्हणतात, स्वभावच तापट आहे. दादा-दादींचं वेगळं. वयाप्रमाणे तहान कमी लागते, त्यांना विचारून ग्लास हातात द्यावा लागतो.

मग किती प्यायचं? साधारण आठ ग्लास, उन्हात काम असेल तर जास्त. चहा, ताक, डाळही त्यात धरा. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय. रमजानमध्ये इफ्तारला एकदम लिटरभर ढोसू नका. इफ्तारपासून सहरीपर्यंत एक-एक ग्लास घेत राहा. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल, तर डॉक्टर सांगतील तेवढंच.

पाण्याबद्दल शंका असेल तर खळखळून उकळी येऊ द्या, किमान एक मिनिट. झाकून गार करा, तोटीच्या माठात भरा. त्यात हात किंवा ग्लास बुडवला, तर उकळण्याची मेहनत वाया.

आणि उदासी पाण्याने जात नाही, हेही खरं. दोन आठवडे मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर डॉक्टरांना दाखवा, किंवा सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर फोन लावा. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.