शेवटच्या जंबोचा निरोप

एअर इंडियाचं पहिलं जंबो जेट, बोइंग ७४७, १९७१ साली आलं. खिडक्यांभोवती बाहेरून झरोक्यांच्या कमानी रंगवलेल्या. ‘आकाशातला महाल’ अशीच जाहिरात! पण चार इंजिनांचं इंधन पुढे परवडेना. दोन इंजिनांची विमानं आली.

२२ एप्रिल २०२४ ला शेवटचं जंबो मुंबईहून अमेरिकेला गेलं, विकलेलं. उडताच त्यानं पंख कलवून निरोप घेतला. छंदी माणसांनी ते टिपलं. आपल्या गाईच्या कानातल्या बिल्ल्यासारखी विमानालाही नोंदणीची अक्षरं असतात, भारताची ‘व्हीटी’पासून. फोटोसोबत ही मंडळी तीही लिहून ठेवतात. विकल्यावर रंग जातो, अक्षरं बदलतात, फोटो राहतो.

बैठकीत आम्ही तो व्हिडिओ पाहिला. आम्हाला वाटलं, झरोके रंगवणाऱ्या हातांची नावं कुणी लिहून ठेवली असतील का?