अलास्का–अल्बर्टा रेल्वे : व्यवहार्यतेचे गणित

अमेरिकेचे अलास्का राज्य उर्वरित खंडाशी रेल्वेने आजही जोडलेले नाही. सिवर्ड ते फेअरबँक्स हा सुमारे ७५० किलोमीटरचा लोहमार्ग १९२३ मध्ये पूर्ण झाला. मात्र तेथील मालडबे दक्षिणेकडे पाठवायचे तर व्हिटियर बंदरात बार्जवर चढवून समुद्रमार्गे न्यावे लागतात. हा तुटलेला दुवा कॅनडातून सांधण्याची कल्पना जुनी आहे. तिचे अलीकडचे रूप म्हणजे अलास्का–अल्बर्टा रेल्वे.

प्रस्ताव

अल्बर्टातील फोर्ट मॅकमरे येथून निघून वायव्य प्रदेश व युकॉनमार्गे अलास्कात शिरणाऱ्या या मालवाहू मार्गाची नियोजित लांबी सुमारे २,५७० किलोमीटर आणि अंदाजित खर्च २२ अब्ज कॅनेडियन डॉलर होता. अल्बर्टाच्या तेलवाळूतील इंधन, खनिजे आणि धान्य पॅसिफिक बंदरांपर्यंत नेणे हा हेतू होता. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी सीमा ओलांडण्याचा परवाना दिला. परवाना मिळाला, तरी भांडवल उभे राहिले नाही. एप्रिल २०२१ मध्ये प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या मुख्य वित्तसंस्थेवर न्यायालयाने प्रशासक नेमला आणि जूनमध्ये रेल्वे कंपनीने धनकोंपासून संरक्षण मागितले.

खर्च आणि वाहतूक

अंदाजित खर्च किलोमीटरमागे सुमारे ८५ लाख डॉलर पडतो. संपूर्ण रक्कम पाच टक्के व्याजाने उभारली असे गृहीत धरल्यास केवळ व्याजच वर्षाला १.१ अब्ज डॉलर होते. दररोज दहा लाख पिंप तेल वाहिले, तर हा भार पिंपामागे तीन डॉलर येतो. दोन लाखच पिंपे मिळाली, तर तो पंधरा डॉलरवर जातो. इंजिन, डिझेल, मनुष्यबळ आणि देखभाल यांचा खर्च वेगळाच. मार्गावर मोठी शहरे नसल्याने तेल कमी पडल्यास त्याची जागा घेणारा दुसरा माल नाही. त्यातच विस्तारित ट्रान्स माउंटन तेलवाहिनी मे २०२४ मध्ये सुरू झाल्याने अल्बर्टाच्या तेलाला पॅसिफिककडे जाण्याची मोठी वाट मिळाली आहे.

पूर्वानुभव

क्लोंडाइकच्या सोन्यामुळे बांधलेली स्कॅग्वे–व्हाइटहॉर्स रेल्वे १९०० मध्ये पूर्ण झाली. पुढे ती खनिजावर तगली. पण धातूंचे भाव कोसळून फॅरोची खाण बंद पडताच १९८२ मध्ये तीही थांबली. १९८८ पासून ती पर्यटकांसाठी धावते. मॅनिटोबातील चर्चिलचा मार्ग मे २०१७ च्या पुरात वाहून गेला. रस्ता नसलेल्या त्या गावाला जवळपास दीड वर्ष विमानांवर आणि उन्हाळ्यातील जहाजांवर अवलंबून राहावे लागले. सदैव गोठलेली जमीन तापमानवाढीने वितळू लागली की रूळ खचतात. त्यामुळे अशा मार्गांची देखभाल कधीच संपत नाही.

निर्णायक प्रश्न

समर्थकांच्या मते रेल्वेमुळे नव्या खाणी सुरू होतील आणि दुर्गम वस्त्यांतील जिन्नस स्वस्त होतील. परंतु खाणी रेल्वेची वाट पाहतात आणि रेल्वे खाणींच्या हमीची. हे कोडे खासगी भांडवलाला सुटलेले नाही. सरकारने भार उचलल्यास तोटा करदात्यांचा होईल. आणि ज्यांच्या पारंपरिक भूमीतून रूळ जातील त्या मूलनिवासी समाजांची संमती व नफ्यातील वाटा हेही आधीच ठरवावे लागेल. दीर्घ मुदतीचे मालवाहतूक करार हाती येईपर्यंत हा मार्ग नकाशावरच राहण्याची शक्यता अधिक.