खताचे विरजण : एका शास्त्रीय प्रश्नाचा इतिहास

मराठीत 'कुजणे' आणि 'सडणे' ही क्रियापदे सर्वस्वी समानार्थी नाहीत. शेणखत 'चांगले कुजलेले' असते; 'सडलेले' हे विशेषण मात्र नापसंतीचे आहे. या भेदामागील अनुभव जुना असला, तरी त्याची शास्त्रीय उपपत्ती प्रामुख्याने विसाव्या शतकातील होय. काडीकचऱ्याचे खत सूक्ष्मजीव करतात, हे सिद्ध होताच पुढील प्रश्न ओघानेच आला : दह्याप्रमाणे खतालाही बाहेरून विरजण लावावे लागते काय?

इंग्लंडातील रोथॅमस्टेड येथे हचिन्सन व क्लेटन यांनी १९१९ मध्ये हवेच्या सान्निध्यात सेल्युलोजचे विघटन करणाऱ्या एका जमिनीतील जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यावरून असे जिवाणू पुरविणे हाच उपाय होय, असे अनुमान कोणीही काढले असते. परंतु १९२१ मध्ये हचिन्सन व रिचर्ड्स यांनी जे दाखविले, ते निराळे होते. गव्हाचा पेंढा कुजत नाही तो जिवाणूंच्या अभावी नव्हे, तर नत्राच्या अभावी. अमोनियाचे क्षार, ओलावा व हवा मिळताच त्याच पेंढ्याचे, गुरांवाचूनही, शेणखतासारखे खत होते.

इंदूर येथे १९२४ मध्ये स्थापन झालेल्या वनस्पति-उद्योग संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी हाच प्रश्न भारतीय शेताच्या बांधावर आणला. रासायनिक क्षारांच्या जागी त्यांनी शेण, गोमूत्राने भिजलेली माती व लाकडाची राख योजिली. कपाशीच्या टणक पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेतल्या. आधीच्या खड्ड्यातील कुजू लागलेले, बुरशी धरलेले द्रव्य शेणकाल्यात मिसळण्याची रीतीही त्यांनी सांगितली. १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत विरजण होते. परंतु ते शेतातलेच, विनामूल्य होते.

युद्धोत्तर काळात तयार जिवाणूंची मिश्रणे बाजारात आली. कॅलिफोर्निया विद्यापीठात गोल्यूक, कार्ड व मॅकगॉही यांनी १९५४ मध्ये अशा मिश्रणांची चिकित्सा प्रसिद्ध केली. शहरी कचऱ्यावरील त्यांच्या प्रयोगांत विरजणामुळे कुजण्याचा वेग वाढलेला आढळला नाही.

येथे दह्याच्या उपमेची मर्यादा स्पष्ट होते. विरजण लावावयाचे ते तापविलेल्या दुधाला. तापविल्याने त्यातील मूळचे बहुतेक सूक्ष्मजीव नष्ट झालेले असतात. कचऱ्याचा ढीग मात्र पाने, माती व शेण यांतून आपले जिवाणू स्वतःच घेऊन येतो. कर्ब-नत्राचे प्रमाण सुमारे ३० : १, पुरेसा ओलावा व खेळती हवा मिळाली, की ढिगाचे तापमान ५५ ते ६० अंश सेल्सियसपर्यंत चढते आणि उष्णताप्रिय जिवाणूंची पिढी आपोआप पुढे येते.

तथापि प्रश्न येथे मिटला नाही. भाताचा पेंढा, पऱ्हाट्या यांतील सेल्युलोज लिग्निनने वेढलेले असते, आणि ते फोडणे सर्वच जिवाणूंना साधत नाही. म्हणून दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत ट्रायकोडर्मा, ॲस्परजिलस, पॅसिलोमायसिस इत्यादी बुरशींचा अभ्यास झाला. भाताचे खुंट जाळले जाऊ नयेत, म्हणून त्याच संस्थेने सिद्ध केलेले बुरशींचे मिश्रण २०२० मध्ये दिल्ली परिसरातील शेतांत फवारण्यात आले. हे मिश्रण गूळ व बेसन यांत वाढवितात.

या इतिहासातून निघणारा बोध प्रयोगपद्धतीविषयी आहे. विरजण बहुधा एकटे येत नाही. त्याच्यासोबत शेण, नत्र, पाणी आणि ढीग उलथण्याची शिस्तही येते. हे सारे समान ठेवून, केवळ विरजण वगळलेला दुसरा ढीग शेजारी रचला नसेल, तर यशाचे श्रेय कोणाचे, हे ठरविता येत नाही. हा भेद केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. पुडीचे मूल्य शेतकरी देतो. आणि ढिगात उणीव नत्राची किंवा ओलाव्याची असेल, तर कोणतेही विरजण ती भरून काढीत नाही.