निखाऱ्यावरचे मांस आणि ते कापणारे हात

पुण्याजवळ रांजणगाव, तळेगाव येथे कोरियन कारखाने आले, आणि शहरात कोरियन भोजनगृहेही दिसू लागली. मेजाच्या मध्यभागी शेगडी. तीवर मांसाच्या चकत्या भाजावयाच्या, कात्रीने कापावयाच्या आणि लसणीच्या पाकळीसह लेट्यूसच्या पानात गुंडाळून खावयाच्या. एका शेगडीभोवती सर्वांनी जेवावे, ही रीत आम्हांस आवडते. तिचा इतिहास मात्र इतका सरळ नाही.

इ. स. ३७२ मध्ये कोरियात बौद्ध धम्म पोहोचला. ५९९ मध्ये पेक्चे राज्याच्या राजाने प्राणिहत्येस मनाई केली. मांसाहार मागे पडला. तेराव्या शतकातील मंगोल वर्चस्वानंतर तो पुन्हा वाढला, असे अभ्यासक मानतात. १३९२ पासूनच्या चोसन राजवटीने कन्फ्यूशियन समाजव्यवस्था दृढ केली. मुरवून भाजलेले गोमांस, म्हणजे आजच्या 'बुलगोगी'चे पूर्वरूप 'नोबियानी', उच्चकुलीनांच्या ताटात गेले. जनावर कापणारे 'पेक्चोंग' मात्र बहिष्कृत ठरले. त्यांची वस्ती वेगळी. रेशीम व कौलारू घर त्यांना निषिद्ध. मांस चालते, कापणारा चालत नाही! हा न्याय आमच्या वाचकांस समजावून सांगावा लागणार नाही.

१८९४ च्या सुधारणांनी हा भेद कायद्याने संपला, व्यवहारात नव्हे. त्यांच्या मुलांना शाळा प्रवेश नाकारीत. म्हणून एप्रिल १९२३ मध्ये जिन्जू येथे 'ह्योंगप्योंगसा' ही समतेसाठी लढणारी संघटना निघाली. नावातील 'ह्योंग' म्हणजे तराजू, खाटकाच्या रोजच्या हातातला. पुढच्याच वर्षी मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली. दोहोंस परस्परांची वार्ता होती, असे आम्ही म्हणत नाही.

आज 'पेक्चोंग' हा शब्द कोरियन भोजनगृहांच्या पाट्यांवर मिरवतो.