किल्ल्याच्या किल्ल्या कोणाकडे?

मंडळी, आज आपण किल्ल्यांबद्दल बोलणार आहोत. तटबुरुजांबद्दल कमी, दरवाजाच्या कुलपाच्या किल्लीबद्दल जास्त.

आपला रायगडचा किनारा डोळ्यासमोर आणा. अलिबागचा कुलाबा, थळसमोरची खांदेरी-उंदेरी, मुरूडजवळचा पद्मदुर्ग. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली आणि काही महिन्यांतच सिद्दीनं शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं. शत्रू इतका जवळ असताना तट कितीही भक्कम असो, आतला माणूस फुटला की संपलं.

यावर तोड काय काढली होती? सभासद सांगतो, गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस एकाच दर्जाचे. तिघांनी मिळून कारभार करायचा. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि कागदपत्रं सबनिसाकडे, धान्य-सामान कारखानिसाकडे. पुढे आज्ञापत्रात बदल्यांचा नियमही येतो: हवालदार 3 वर्षांनी, सरनोबत 4, सबनीस-कारखानीस 5 वर्षांनी. म्हणजे सगळे एकदम बदलत नाहीत आणि कोणी मुळंही धरत नाही.

आता आजचे पहारेकरी बघू. पुलावर, शेतात, खाडीत बिनतारी सेन्सर बसवतात. बॅटरीवर चालणारी ही इवलीशी यंत्रं उघड्यावर असतात. कोणीही उचलून न्यावीत. त्यांचे संदेश गुप्त राहतात ते आत साठवलेल्या सांकेतिक किल्लीमुळे. सगळ्यांना एकच किल्ली दिली, तर एक यंत्र चोरीला गेलं की सगळं जाळं उघडं! प्रत्येक जोडीला वेगळी द्यावी, तर 100 सेन्सरना 4,950 किल्ल्या लागतात आणि प्रत्येकाला 99 सांभाळाव्या लागतात. तेवढी जागा त्यांच्यात असतेच असं नाही. 2002 मध्ये एशेनॉअर आणि ग्लिगॉर यांनी मधली वाट सुचवली. मोठ्या साठ्यातून चिठ्ठ्या टाकाव्यात तशा थोड्या थोड्या किल्ल्या प्रत्येकाला वाटायच्या. शेजाऱ्याशी एखादी जुळली की संवाद सुरू. एखादं यंत्र शत्रूच्या हाती पडलं, तर त्याच्याजवळच्या तेवढ्या किल्ल्या रद्द करायच्या.

पद्धती वेगळ्या आहेत, पण दोन्हींमागे प्रश्न एकच: एक फुटला तर किती जातील?

हा प्रश्न जुना झालेला नाही. 12 मार्च 1993 च्या मुंबईतल्या स्फोटांसाठीची स्फोटकं आपल्याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरली होती. पुढे न्यायालयानं कस्टम आणि पोलिस खात्यातल्या काही जणांनाही दोषी ठरवलं. दरवाजा आतूनच उघडला गेला होता.