बांगड्या कुणाच्या, पावती कुणाची?

आम्ही ठाण्याच्या वर्तकनगरमधून बोलतोय. मागच्या बैठकीत कर्जाचे हप्ते राहिले बाजूला आणि विषय निघाला सोन्याचा. आमच्या एक ताई लेकीकडे दुबईला निघाल्या होत्या. ओळखीच्या एकाने त्यांना सांगितलं, "येताना चार बांगड्या घालून या. इथे आमचा माणूस घेईल. तिकिटाचे पैसे आमचे." ताईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. बाईच्या हातात बांगड्या असणारच की!

तेव्हा गटातल्या आजी बोलल्या. त्यांचे वडील सोनार. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी 1963 मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. 14 कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी. परकी चलन वाचावं, चोरटं सोनं थांबावं, हा हेतू. पण 14 कॅरेटचं मंगळसूत्र मागायला येणार कोण? देशभर सोनारांचे हात रिकामे झाले, काहींनी तर जीव दिला. आजींच्या घरची शेगडी विझली ती विझलीच, वडील कारखान्यात हमालीला लागले. कॅरेटची अट 1966 मध्ये उठली, तोवर घरातली हत्यारं विकून झाली होती. पुढे 1968 चा कायदा आला. त्यात दागिने चालत, पण सामान्य माणसाला घरात सोन्याची लगड ठेवता येत नव्हती. तो 1990 मध्ये रद्द झाला. या सगळ्या काळात चोरटं सोनं मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतच होतं. मार खाल्ला तो गरीब कारागिराने, असं आम्हाला वाटतं.

तो कायदा गेला, पण 1962 चा सीमाशुल्क कायदा आजही आहे. सोनं तस्करीचं आहे असं मानायला सबळ कारण असेल, तर कलम 110 खाली अधिकारी ते जप्त करतो. मग येतं कलम 123. एरवी गुन्हा सरकारने सिद्ध करायचा असतो. इथे उलटं आहे. सोनं चोरटं नाही, हे ज्याच्याकडे सापडलं त्यानेच दाखवायचं. म्हणजे बांगड्या दुसऱ्याच्या, पण जाब द्यायचा ताईंनी!

जप्त झालं म्हणजे लगेच सरकारजमा झालं, असं मात्र नाही. आधी लेखी कारणे दाखवा नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. नोटिशीला साधारण सहा महिन्यांची मुदत असते, ती वाढवताही येते. कधी दंड भरून माल सोडवता येतो.

आणखी एक घोटाळा बायकांच्या डोक्यात असतो. विवाहित बाईचं 500 ग्रॅम सोनं सोडतात म्हणे! ती 1994 ची सूचना प्राप्तिकराच्या धाडीसाठी आहे. विमानतळावर तिचा काही उपयोग नाही.

ताईंनी स्वतःच्या दोन पाटल्यांची पावती शोधली, निघताना विमानतळावर सीमाशुल्काकडून दागिन्यांचा दाखला करून घेतला आणि त्याच पाटल्या घालून परत आल्या. तो ओळखीचा माणूस हल्ली रस्त्यात दिसला तरी मान वळवतो.