ट्यूडरांचें मूळ गांव

ट्यूडर घराणें म्हटलें कीं शाळेंत इंग्लंडचा इतिहास वाचलेल्या प्रत्येकास आठवा हेन्री व एलिझाबेथ राणी हीं दोन नांवें आठवतात. परंतु ज्या कुळांत हीं दोघें जन्मलीं, तें पुरुषपरंपरेनें इंग्रज नव्हे, वेल्श होतें. वेल्सच्या वायव्येस अँगलसी नांवाचें बेट आहे. त्यावरील पेनमिनिद हें या कुळाचें गांव. त्यांचा पूर्वज एद्नेवेद हा थोर लेवेलिन राजाचा कारभारी होता व १२४६ सालीं वारला.

१४०० सालीं ग्लिंडूर या वेल्श सरदारानें इंग्रजांविरुद्ध बंड उभारलें. पेनमिनिदचे बंधु त्याचे मावसभाऊ. ते त्यास मिळाले. १४०१ च्या गुड फ्रायडेस शिबंदी प्रार्थनेस गेली असतां रीस व ग्विलिम या दोघां भावांनीं कॉनवीचा बळकट किल्ला हस्तगत केला. पार्लमेंटानें उलट कायदे केले : वेल्श माणसानें इंग्लंडांत जमीन घेऊं नये, अधिकारपद भोगूं नये. पुढें बंड मोडलें आणि या कुळाचें वैभवहि गेलें.

या भावांपैकीं मारेदिद याचा मुलगा ओवेन. हा इंग्लंडांत गेला आणि पांचव्या हेन्रीची विधवा, फ्रान्सची राजकन्या कॅथरिन, हिच्याशीं त्यानें १४३० च्या सुमारास गुपचूप लग्न केलें. नाचतांना तोल जाऊन तो राणीच्या मांडीवर पडला, अशी एक गोष्ट सांगतात. मुलांस ती फार आवडे, म्हणून वर्गांत मीहि सांगत असें. पण तिला पुरावा म्हणतां येणार नाहीं.

खरी गंमत आहे ती नांवाची. त्या काळीं वेल्श लोकांस आडनांव नसे. आपण नांवापुढें वडिलांचें नांव लावितों, तसे ते 'अप' म्हणजे 'पुत्र' असें म्हणून बापाचें, आज्याचें नांव जोडीत. हा गृहस्थ ओवेन अप मारेदिद अप ट्यूडर. इंग्रजांस आडनांव हवें होतें, आणि चिकटलें तें आज्याचें! बापाचें चिकटतें, तर आज आपण 'मेरेडिथ घराण्या'चा इतिहास वाचीत असतों.

ओवेनचा १४६१ सालीं हेरफर्ड येथें शिरच्छेद झाला. त्याचा नातू हेन्री १४५७ सालीं वेल्समधील पेंब्रोकच्या किल्ल्यांत जन्मला होता. गादीवरचा त्याचा हक्क आईकडून आलेला व तोहि लंगडाच. चौदा वर्षें ब्रिटनींत व फ्रान्समध्यें परागंदा राहून ७ ऑगस्ट १४८५ रोजीं तो पेंब्रोकजवळच्या किनाऱ्यावर लहानशा फौजेनिशीं उतरला. आपल्या रक्ताचा कोणी तारणहार येईल व गेलेलें राज्य परत मिळवील, असें भविष्य वेल्श कवि पिढ्यान्‌पिढ्या गात आले होते. हेन्रीनें तें ओळखून तांबड्या ड्रॅगनचें निशाण धरलें. रीस अप टॉमससारखे वेल्श सरदार त्यास येऊन मिळाले आणि २२ ऑगस्टला बॉसवर्थच्या रणांत तिसरा रिचर्ड पडला. सातव्या हेन्रीनें थोरल्या मुलाचें नांव आर्थर ठेविलें, तेंहि ब्रिटन लोकांच्या पुराणपुरुषाचें.

मग वेल्सला काय मिळालें? सरदारांस लंडनचा दरबार मोकळा झाला. आठव्या हेन्रीच्या १५३६ व १५४३ च्या कायद्यांनीं वेल्श माणसांस इंग्रजांसारखेच हक्क आले, पार्लमेंटांत जागा आल्या. पण १५३६ च्याच कायद्यानें न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरली, व जो इंग्रजी बोलत नाहीं त्यास अधिकारपद मिळूं नये असें झालें. ज्या शेतकऱ्यास इंग्रजीचा शब्द येत नव्हता, त्यास आपलाच खटला परभाषेंत ऐकावा लागूं लागला. ग्लिंडूरच्या काळचे कायदे उघड शत्रुत्वाचे होते. हा कायदा ओवेनच्या पणतूचा होता, आणि माझ्या मतें तो अधिक खोल लागला.

एलिझाबेथच्या कारकीर्दींत, १५६३ सालीं, बायबल वेल्श भाषेंत आणण्याचा कायदा झाला. प्रेरणा धर्माची होती, भाषाप्रेमाची नव्हे. देवळांत वेल्श प्रतीशेजारीं इंग्रजी प्रतहि ठेवावी, म्हणजे ताडून वाचतां वाचतां लोक इंग्रजी शिकतील, अशी त्यांत तरतूद होती. विल्यम मॉर्गन या धर्मोपदेशकानें केलेलें संपूर्ण भाषांतर १५८८ सालीं छापून आलें. लोकांनीं वाचलें तें वेल्शच.